घारापुरीचे पाहुणे

नव्या मुंबईत राहणाऱ्या माणसाकडे पाहुणे आले की पहिले दोन दिवस बरे जातात. पहिल्या दिवशी पाहुणे प्रवासानं दमलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी जेवणानं. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र चहाचा कप खाली ठेवता ठेवता तो प्रश्न येतोच. "काय हो, तुमच्याकडे इथं बघण्यासारखं काय आहे?"

पुणेकराला या प्रश्नाची भीती नसते. त्याच्याकडे शनिवारवाडा आहे. तो स्वतः कधी आत गेलेला नसतो, पण बोट दाखवायला आहे. कोल्हापूरकराकडे अंबाबाई आहे, रंकाळा आहे, आणि काहीच नसलं तरी तांबडा रस्सा आहे. आमच्याकडे सिडको आहे. सिडकोची स्थापना १९७० सालची, त्यामुळे आमच्या शहरातलं जे काही आहे ते वयानं आमच्याच आगेमागे. आमच्याकडे पेठा नाहीत, नोड आहेत. गल्ल्या नाहीत, सेक्टर आहेत. पाहुण्यांना सेक्टर सतरा दाखवून झाला की सेक्टर अठरा दाखवता येतो, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही फरक पडत नाही. करावे, दिवाळे, बेलापूर ही आगरी-कोळ्यांची गावं सिडकोच्या कितीतरी आधीची, हे खरं. पण कुणाच्या राहत्या घराकडे बोट दाखवून "हे बघा जुनं" म्हणणं बरं दिसत नाही.

मग कुणाला तरी आठवतं, की समोर पाण्यात घारापुरी आहे! उरण तालुक्यात, म्हणजे आमच्याच अंगाला. मुंबईकर ती आपली समजतात, कारण लाँच गेटवेहून सुटतात. आता गंमत बघा. बेट न्हाव्याच्या किनाऱ्यापासून हाकेच्या नसलं तरी दोन-तीन हाकांच्या अंतरावर. पण नेरूळच्या माणसानं तिथं जायचं कसं? हार्बर लाईननं तासभर उलट्या दिशेला सी.एस.एम.टी.ला जायचं, तिथून टॅक्सीनं गेटवे गाठायचं, लाँचमध्ये बसायचं आणि पुन्हा तासभर समुद्रातून आपल्या घराच्या दिशेनं यायचं. लाँच बेटाजवळ येते तेव्हा आमच्या सौ.ना नेमकं आठवतं, "अहो, गॅस बंद केला होता ना?" उरणच्या मोऱ्याहून आणि न्हाव्याहून गावकऱ्यांच्या होड्या ये-जा करतात, पण त्या गावकऱ्यांच्या सोयीनं, आणि आमच्या पाहुण्यांची सोय ही जगातल्या कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही. त्यातून सोमवारी लेणी बंद. पाहुण्यांना सवड नेमकी सोमवारीच असते.

इतक्या वेळा पाहुण्यांना घेऊन गेलो, की हल्ली मला लेण्यापेक्षा पाहुण्यांचाच अभ्यास जास्त झाला आहे. आणि त्या अभ्यासातून माझं एक मत बनलं आहे: घारापुरीचा सगळा इतिहास म्हणजे येऊन गेलेल्या पाहुण्यांचा इतिहास. नुसते बघून गेलेले थोडे. बहुतेकांनी जाताना काही ना काही उचललं.

पहिला पाहुणा मात्र आला तो कायमचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक थर निवतोय तोवर त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आपला सगळा दख्खनचा कातळ असा थरांनी बनला. अजिंठा, वेरूळ, कार्ले, कान्हेरी ही सगळी त्याच काळ्या दगडाची लेकरं. हा बेसाल्ट मोठा समजूतदार दगड. कठीण आहे, पण छिन्नीला अगदीच दाद देत नाही असं नाही; आणि एकदा कोरला की शेकडो वर्षं आकार धरून राहतो. त्याची एकच खोड. त्याला बारीक चिरा असतात, आणि पावसाळ्यात आपलं कोकणातलं पाणी त्यातून वाट काढतंच. लेण्यात एखाद्या देवाच्या खांद्यावर ओल दिसते ती त्याची. आमच्या इमारतीच्या गच्चीचं आणि घारापुरीच्या छताचं दुखणं एकच आहे. फरक एवढाच की ते छत चौदाशे वर्षं उभं आहे, आणि आमच्या सोसायटीत वॉटरप्रूफिंगचा विषय दर वार्षिक सभेत निघतो.

बेट तरी केवढं? ओहोटीला मोठं, भरतीला लहान. कडेला चिखल आणि तिवरं, मधे दोन टेकड्या. पूर्वेच्या टेकडीवर विटांचा स्तूप आणि बौद्ध लेणी आहेत. म्हणजे शंकर येण्याआधीच तिथं भिक्षू येऊन बसले होते. पण तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. पाहुण्यांचे पाय पश्चिमेच्या टेकडीवरच थांबतात, आणि तिथल्या पाच लेण्यांपैकी पहिल्यातच संपतात.

हे पहिलं लेणं सहाव्या शतकातलं, असं आता बहुतेक अभ्यासक धरतात. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडली, त्यामुळे मान त्याला देतात. पुढे सातव्या शतकात चालुक्यांच्या दुसऱ्या पुलकेशीनं समुद्रावरची 'पुरी' नावाची नगरी शेकडो नावा घेऊन जिंकली, असं ऐहोळेच्या ६३४ सालच्या शिलालेखात आहे. ही पुरी म्हणजे आपली घारापुरी असं काहींचं म्हणणं, काहींचं नाही. पण एक तपशील मला फार आवडतो. शिलालेखात त्या नावांना मदमत्त हत्तींची उपमा दिली आहे. म्हणजे या बेटाच्या कुंडलीत हत्ती पहिल्यापासूनच होता म्हणायचं.

माझा एक मामेभाऊ सदाशिव पेठेत राहतो. आता सदाशिव पेठेतल्या माणसाला सदाशिव दाखवायचा म्हणजे धाडसच. त्याला दक्षिणेच्या भिंतीसमोर नेऊन उभा केला. समोर साडेपाच मीटर उंचीची ती मूर्ती. मधलं मुख शांत, डोळे मिटलेलं. आपल्या डाव्या हाताला अघोर, रागीट, मिशाळ. उजव्या हाताला वामदेव, बाईसारखं नाजूक, हातात कमळ. लोक त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा, विष्णू, महेश समजतात. पण तिन्ही मुखं शिवाचीच. लेण्याला तीन बाजूंनी उजेड येतो, आणि ढग सरकला की मधल्या मुखावरचा भाव बदलल्यासारखा वाटतो. मामेभाऊ पाच मिनिटं बोलला नाही. सदाशिव पेठेच्या हिशोबानं पाच मिनिटं म्हणजे साष्टांग नमस्कार. मग त्यानं चौफेर नजर टाकली आणि विचारलं, "पण पाटी कुठाय?"

"कसली पाटी?"

"कुणी केलं, कधी केलं, काही नको का? एवढं काम केलंय आणि पाटी नाही?"

पुणेकर ज्याला पाटी म्हणतो ती इथं होती, आणि तीच पहिली चोरीला गेली! १५३४ साली वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांच्या हातात आला. दिओगु दु कौतु नावाच्या त्यांच्याच इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे, की दारावर मोठ्या, सुरेख अक्षरांत कोरलेली एक शिळा होती. ती पोर्तुगीजांनी काढली. आधी इथल्या हिंदू-मुसलमान पंडितांना दाखवली, कुणाला वाचता येईना. मग पोर्तुगालच्या राजाकडे, तिसऱ्या जुआंवकडे पाठवली. त्यानंही पुष्कळ खटपट केली, उपयोग झाला नाही. पुढे ती शिळा कुठं गेली याचा मागमूस नाही. कुणी केलं हे सांगणारा एकमेव कागद पाहुण्यांनी नेला, त्यांना वाचता आला नाही म्हणून हरवला, आणि मग उरलेल्यांनी म्हणायला सुरुवात केली: पांडवांनी केलं, बाणासुरानं केलं, छे हो, माणसाचं काम नव्हेच, देवांनीच एका रात्रीत केलं.

"मग परत मागवली का?" मामेभावानं विचारलं. त्याचं काय उत्तर देणार?

पोर्तुगीज सगळेच तसे नव्हते. गार्सिया द ओर्ता हा वैद्य मोठा रसिक माणूस. याला पोर्तुगीज राजानं मुंबई बेट चक्क भाड्यानं दिलं होतं. अख्खी मुंबई भाड्यानं! आज मुंबईत दोन खोल्या भाड्यानं मिळवून दाखवा. १५६३ साली गोव्यात त्याचं पुस्तक छापलं गेलं. ते खरं तर इथल्या झाडापाल्यावर आणि औषधांवर, पण त्यात घारापुरीचाही उल्लेख आहे. लेणं बघण्यासारखं आहे, पण आत गुरं शिरून नासधूस होते, अशी त्याची तक्रार. याउलट त्याच्याच देशबांधवांनी तिथं बंदुका झाडल्या असं सांगतात. कुणी म्हणतं नेमबाजीसाठी, कुणी म्हणतं आवाज कसा घुमतो ते बघायला. कारण काहीही असो, बहुतेक मूर्तींचे पाय आज नाहीत. शंकर नाचतोय, पण कशावर नाचतोय ते आपण समजून घ्यायचं.

पोर्तुगीजांनी आणखी एक केलं. धक्क्याजवळ एक प्रचंड दगडी हत्ती उभा होता, त्यावरून बेटाचं नाव ठेवलं एलिफंटा. पाहुणा आला आणि यजमानाचंच नाव बदलून गेला! पुढे १८१४ साली त्या हत्तीची मान तुटून पडली. १८६४ साली इंग्रजांना वाटलं, हा हत्ती विलायतेला न्यावा. यारी आणली, साखळी लावली, उचलला, आणि साखळी तुटली. हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला राणीच्या बागेत आणून टाकले आणि १९१४ साली जोडून उभे केले. आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो उभा आहे. म्हणजे हत्तीवरून ज्याचं नाव पडलं त्या बेटावर हत्ती नाही, आणि जिथं हत्ती आहे त्या भायखळ्याला कुणी एलिफंटा म्हणत नाही. मी पाहुण्यांना हे सांगतो तेव्हा हमखास एक मूल विचारतं, "मग आपण इकडे का आलो?"

या सगळ्या गर्दीत माझा आवडता पाहुणा एकच. कार्स्टन नीबूर. डेन्मार्कच्या राजानं पूर्वेकडे पाठवलेल्या मोहिमेतला हा मोजणीदार. अरबस्तानातून मुंबईला येईपर्यंत त्याचे बरेचसे सोबती तापानं गेले होते, शेवटचा मुंबईतच १७६४ साली गेला. हा एकटा उरला. एकटा उरलेल्या माणसानं काय करावं? हा घारापुरीला गेला. एकदा नव्हे, तीनदा गेला. मापं घेतली, मूर्तींची चित्रं काढली आणि परत निघाला. काही उचललं नाही, नाव कोरलं नाही, गोळी झाडली नाही. जुआंवच्या दरबारात जी शिळा कुणाला वाचता आली नाही तिच्यापेक्षा या परक्या माणसाच्या चित्रांनी लेण्याची ओळख जगाला जास्त करून दिली. आमच्याकडचे काही पाहुणे तीनदा आले आहेत, पण मापं त्यांनी फक्त आमच्या फ्लॅटची घेतली.

आणि सगळ्यात थोर पाहुणा १८७५ साली आला. राणी व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा, पुढे सातवा एडवर्ड झाला तो. त्याच्यासाठी खुद्द लेण्यात मेजवानी दिली. टेबलं मांडली, रोषणाई केली आणि सदाशिवाच्या साक्षीनं काटेचमचे वाजले. त्या लेण्यात अंधकासुराला त्रिशुळावर घेणारा शंकर आहे, कैलास हलवू पाहणारा रावण आहे. त्यांच्यासमोर बसून सूप पिणं म्हणजे जिगर पाहिजे. डोळे मिटलेलेच होते म्हणून बरं.

सौ.च्या एक मावशी आल्या होत्या. त्यांना इतिहास काही सांगावा लागला नाही. त्या शिव-पार्वतीच्या लग्नासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, नवरी उजवीकडे उभी आहे, म्हणजे लग्न अजून लागायचंय." मी पुस्तकं वाचून जे तासभर सांगतो त्यातलं हे एक वाक्य त्यांनी न वाचता सांगितलं. अभ्यासकही तेच म्हणतात. पार्वतीची मान खाली, अंग लाजेनं किंचित मागे, आणि तिला हलकेच पुढे करणारं मागचं माणूस. मावशी म्हणाल्या, "बाप असणार." हिमवानच तो.

पण मावशींसारखे पाहुणे विरळा. बाकीच्यांच्या आठवणीत राहतात ती माकडं. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी, मग सुमारे १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना दगडी हत्ती, माळा, टोप्या आणि काकड्या विकणाऱ्या टपऱ्या, आणि प्रत्येक वळणावर जकात वसूल करायला बसलेली माकडं. आमच्या नागपूरच्या साडूंनी लेण्यापेक्षा माकडाशी जास्त वेळ चर्चा केली. विषय होता साडूंची बिस्किटं. निकाल माकडाच्या बाजूनं लागला.

आपणही काही कमी नाही, हे इथं सांगून टाकायला हवं. सहाव्या शतकातल्या माणसांनी डोंगराला आधी निरखलं, मग छतापासून खाली उतरत हातहातभर कोरलं, आणि नको तेवढाच दगड काढला. आम्ही नव्या मुंबईत त्याच कातळाचं काम करतो. पारसिकच्या डोंगराची खडी केली, तिच्यावर आमचे रस्ते आहेत. विमानतळासाठी उलव्याची नव्वदेक मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, आणि २०२५ साली विमानतळ सुरूही झाला. सोय झाली, नाही कोण म्हणतो? साडू आता थेट घराजवळ उतरतील. पण डोंगर कोरणारे आणि डोंगर संपवणारे दोघेही एकाच खाडीच्या काठचे, आणि दोघांच्याही हातात दगड तोच, हे लाँचमध्ये बसून दोन्ही किनारे बघताना मनात येतं खरं. अटल सेतू २०२४ साली सुरू झाल्यापासून तर बेट मोटारीतूनही दिसतं. डावीकडे की उजवीकडे हे सांगेपर्यंत मागे पडतं.

आता राहिले यजमान. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशी तीन छोटी गावं बेटावर आहेत. माणसं मासेमारी करतात, थोडी शेती करतात, टपऱ्या चालवतात, दम लागलेल्या पाहुण्यांना डोलीत बसवून वर नेतात. १९८७ साली युनेस्कोनं लेण्यांना जागतिक वारसा म्हटलं. १९८९ साली समोर न्हावा शेवा बंदर सुरू झालं, त्याचे दिवे रात्रभर जळत. दुसऱ्या बाजूला मुंबईचे दिवे तर पिढ्यान्‌पिढ्या. आणि या दोन्हींच्या मधे, जागतिक वारशाच्या पायथ्याशी, तिन्ही गावं संध्याकाळी काही तास चालणाऱ्या जनरेटरवर. बेटावर वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. राजपुत्राच्या जेवणासाठी लेणं उजळलं १८७५ साली. लेण्याखालच्या गावातलं घर उजळायला त्यानंतर १४३ वर्षं लागली. मी गणित तीनदा करून बघितलं, तेवढंच येतं.

आम्ही कुणीही हे कधी विचारलं नव्हतं. आम्ही लेण्याचं शतक विचारायचो, राजा विचारायचो, काकडी केवढ्याला ते विचारायचो. संध्याकाळी शेवटच्या लाँचनं सगळे निघून जातात, कारण पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. मग काळोखात ही माणसं काय करत असतील, हे लाँचमध्ये बसल्यावर कुणाच्या मनातही यायचं नाही. त्या वेळी सगळे मोबाईलवर फोटो बघत असतात.

वीज आल्यानंतर एकदा गेलो तेव्हा पायऱ्यांवर कैऱ्या विकणाऱ्या एका मावशींशी बोलत बसलो. पाहुणे वर गेले होते, माझे गुडघे खाली राहिले होते. विचारलं, "काय मावशी, लाईट आली, बरं झालं ना?"

"बरा झाला तर काय!" त्या कैरीला तिखटमीठ लावत म्हणाल्या. "पोरा रातच्याला अभ्यास करतात. फ्रीज आणलाय, मासली टिकते. पन एक झाला."

"काय झालं?"

"पयले आमचे पावने यायचे, अंधार पडायच्या आत होडीनं परत जायचे. डास, काळोख, कोन राहील? आता पंखा हाय, टीव्ही हाय. माझी ननंद आलीय उरनची, आज आठ दिस झाले."

"मग?"

"मग काय? काल इचारते कशी, वैनी, तुमच्याकडं हितं बघन्यासारका काय हाय?"

मी विचारलं, मग नेलंत का लेण्यात? मावशींनी कैरी माझ्या हातात दिली आणि पदरानं घाम पुसला.

"मी कवा जातेय? सोमवारी बंद असते, नि बाकीचे दिवस धंदा."